साक्ष आंब्याच्या पानाची

रत्नागिरी जिल्ह्याच्या हवेविषयी शासनदरबारी जी माहिती नोंदविली जाते, ती यंत्रांनी दिलेली माहिती असते. यंत्र प्रामाणिक असते यात शंका नाही. परंतु त्याला जेवढे विचारावे तेवढेच ते सांगते. १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत एकूण १२ घटकांचा समावेश आहे. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, दोन आकारांचे धूलिकण, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेंझीन, बेंझोपायरीन, शिसे, आर्सेनिक आणि निकेल अशी ती यादी आहे. यादी उपयुक्त आहेच. पण तीत डायॉक्झिन नाही, पी.सी.बी. नाही, डी.डी.टी. नाही आणि फ्लोरिनयुक्त दीर्घजीवी रसायनेही नाहीत. जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर अहवालात कोठून येणार? आणि अहवालात नाही, म्हणून ते हवेतही नाही, असे मानून चालणे हा शहाणपणा म्हणता येईल काय?

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर अशा प्रदूषित शहरांची नावे आली. रत्नागिरी जिल्ह्यातील एकही शहर त्या यादीत नव्हते. समुद्राचा वारा, मुसळधार पाऊस आणि विरळ लोकवस्ती यांमुळे येथील हवा मुंबईपेक्षा निर्मळ आहे, हे खरेच. परंतु हा दिलासा धुळीपुरता आहे. ज्या प्रदूषकांची मात्रा अत्यल्प असते, पण जी वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत, त्यांच्याविषयी ही यादी काहीच सांगत नाही.

आणि तरीही या जिल्ह्यात अशा प्रदूषकांचे साक्षीदार लाखोंच्या संख्येने उभे आहेत. डोंगरउतारावरची हापूसची कलमे, बांधावरचे रायवळ आंबे, जांभ्याच्या गडग्यावर पावसाळ्यात फुटणारे मखमली शेवाळ, देवराईतील जुन्या वृक्षांच्या खोडांवर चिकटलेली दगडफुले, हे सारे अहोरात्र तीच हवा घेत असतात आणि त्या हवेतील बरेच काही आपल्या अंगी साठवीत असतात. प्रश्न एवढाच आहे की, त्यांची साक्ष नोंदवून घेणारे कोणी आहे का?

न मरणारी रसायने

काही मानवनिर्मित रसायने निसर्गाला पचविता येत नाहीत. ऊन, पाऊस, जिवाणू यांपैकी कशानेही त्यांचे सहजी विघटन होत नाही. त्यांतील बहुतेक पाण्यात विरघळत नाहीत, पण चरबीत विरघळतात. त्यामुळे गवतातून गाईत, गाईच्या दुधातून बालकात असा त्यांचा प्रवास होतो आणि प्रत्येक पायरीवर त्यांची मात्रा वाढत जाते. उष्ण प्रदेशात ती हवेत मिसळतात, वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जातात आणि थंड प्रदेशात पुन्हा खाली उतरतात. ध्रुवप्रदेशात एकही कारखाना नसताना तेथील सीलच्या चरबीत कीटकनाशके सापडतात, ती यामुळेच.

या रसायनांना आळा घालण्यासाठी २२ मे २००१ रोजी स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ मे २००४ पासून तो अमलात आला. भारताने १३ जानेवारी २००६ रोजी त्यास संमती दिली. आरंभी त्यात १२ रसायने होती. पुढे २००९ मध्ये पी.एफ.ओ.एस., २०११ मध्ये एंडोसल्फान, २०१९ मध्ये पी.एफ.ओ.ए. अशी भर पडत गेली. यांतील पी.एफ.ओ.एस. आणि पी.एफ.ओ.ए. ही ‘पीफास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या मोठ्या कुळातील आहेत. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट असतो की, निसर्गात तो जवळजवळ तुटतच नाही. म्हणूनच पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांना ‘कायमची रसायने’ असे नाव दिले. आपल्याकडे चिरंजीव हा शब्द आशीर्वादाचा आहे. सप्तचिरंजीवांत ज्यांची गणना होते, त्या भगवान परशुरामांनी समुद्र मागे हटवून ही भूमी निर्माण केली, अशी कोकणाची श्रद्धा आहे. त्याच भूमीत हे नवे आणि नकोसे चिरंजीव वस्तीला आले तर त्यांची निदान नोंद तरी हवी.

झाड साक्ष कशी देते

पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा पातळ थर असतो. पाण्याचे बाष्पीभवन रोखणे हे त्याचे मुख्य काम. पण हवेतील तेलात विरघळणारी रसायने याच मेणात अडकतात. आंब्याचे पान जाड, चकचकीत आणि वर्षभराहून अधिक काळ टिकणारे असते. पालवी केव्हा फुटली हे बागायतदाराला ठाऊक असते. म्हणजे त्या पानाने किती महिने हवा घेतली, हेही सांगता येते. कोवळे पान अलीकडची गोष्ट सांगते, जून पान मागील हंगामाची. झाडाची साल त्याहून जुनी वही आहे. तीत अनेक वर्षांचे जमाखर्च साठलेले असतात.

शेवाळ आणि दगडफूल यांची रीत आणखी निराळी. शेवाळाला खरी मुळे नसतात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्यालाही मुळे नाहीत आणि पानावर असते तसे मेणाचे कवचही नाही. दोघांचेही अन्नपाणी बव्हंशी हवेतून आणि पावसातून येते. त्यामुळे मातीत काय आहे यापेक्षा हवेत काय आहे, याचे उत्तर ते अधिक नेमकेपणाने देतात. गोड्या मसाल्यात दगडफूल घालणाऱ्या गृहिणीला ही वनस्पती परिचित आहे. तिचा हा दुसरा उपयोग मात्र फारसा परिचित नाही.

हा उपयोग नवा नाही. १८६६ साली फिनलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात जी दगडफुले पाहिली, ती शहराच्या इतर भागांतून नाहीशी झाली होती. त्यावरून तेथील हवा अधिक शुद्ध असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधील ऑके र्‍यूलिंग आणि गेरमुंड ट्यूलर यांनी शेवाळातील जड धातू मोजण्याची पद्धत रूढ केली. पुढे १९९० पासून युरोपातील अनेक देश दर पाच वर्षांनी शेवाळ गोळा करून धातूंचे नकाशे तयार करू लागले आणि काही देशांनी त्यात चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषकांचीही भर घातली. १९९५ साली अमेरिकेतील स्टेसी सिमोनिच आणि रोनाल्ड हाइट्स यांनी जगभरातील ९० ठिकाणांहून झाडांच्या साली मिळवल्या आणि कोणते कीटकनाशक कोणत्या खंडात कसे पसरले आहे, हे दाखविले.

कोकणच्या दृष्टीने सर्वांत रोचक उदाहरण मात्र इटलीचे आहे. दाविदे कालामारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली जगाच्या विविध भागांतील वनस्पतींतील क्लोरिनयुक्त कीटकनाशकांचे मापन प्रसिद्ध केले. थंड प्रदेशात त्यांनी शेवाळ आणि दगडफुले घेतली. उष्ण प्रदेशांसाठी त्यांनी निवड केली ती आंब्याच्या पानांची! हापूसच्या माहेरात मात्र आंब्याच्या पानाचा उपयोग तोरणापुरता आणि कलशापुरताच राहिला. तोरण आणि कलश राहावेतच. पण त्याच पानातून हवेचा इतिहास वाचता येतो, हे ज्ञान परक्यांनी आधी वापरावे, यातील खंत लपविण्यासारखी नाही.

यंत्राला न सापडलेले शेवाळाला सापडले

अशा नोंदींचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात कॅडमियम या विषारी धातूचे हवेतील प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे अधिकाऱ्यांना ठाऊक होते. पण ते कोठून येते, हे मोजक्या यंत्रांवरून उमगत नव्हते. तेथील वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ साली शहरातील झाडांवरून शेवाळाचे ३४६ नमुने गोळा केले. त्यांचा नकाशा मांडताच कॅडमियमची केंद्रे स्पष्ट दिसली आणि ती रंगीत काच बनविणाऱ्या कारखान्यांपाशी होती. २०१६ साली ही गोष्ट उघड झाल्यावर तेथे यंत्रे बसविण्यात आली, नियम बदलले आणि कारखान्याला गाळणयंत्रणा बसवावी लागली. एक यंत्र एका जागी उभे असते. शेवाळ गल्लोगल्ली असते. शेवाळाने जागा दाखविली, यंत्राने मात्रा सांगितली. दोघांचे काम परस्परपूरक आहे.

दुसरे उदाहरण नेदरलँड्समधील दॉर्द्रेख्त शहराचे. तेथे फ्लोरिनयुक्त रसायनांचा मोठा कारखाना आहे. ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठातील संशोधकांनी कारखान्याच्या परिसरातील गवत आणि झाडांची पाने तपासली. पी.एफ.ओ.ए. आणि त्याच्या जागी वापरात आलेले ‘जेन-एक्स’ ही दोन्ही रसायने त्यांत सापडली. कारखान्याजवळ प्रमाण अधिक, दूर जावे तसे कमी, असा स्पष्ट उतार दिसला. पाना-गवताने दिलेली ही साक्ष २०१९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हे उदाहरण रत्नागिरीकरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याचे कारण लोट्याला आहे.

विचेंझाहून लोट्याला

खेड तालुक्यातील लोटे-परशुराम ही रसायन उद्योगांची वसाहत कोकणाला अपरिचित नाही. तिच्या सांडपाण्याचा आणि दाभोळ खाडीतील मासेमारीच्या हानीचा उल्लेख पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालातही आला होता. त्या वादाची चर्चा पुष्कळ झाली. गेल्या काही वर्षांत मात्र या वसाहतीला एक नवा संदर्भ प्राप्त झाला आहे.

इटलीत विचेंझाजवळील त्रिसिनो या गावी ‘मितेनी’ नावाचा फ्लोरिन रसायनांचा कारखाना होता. २०१३ साली त्या परिसरातील भूजल ‘पीफास’ने दूषित झाल्याचे उघड झाले. विचेंझा, वेरोना आणि पादोवा या तीन प्रांतांतील सुमारे ३,५०,००० लोक ज्या प्रदेशात राहतात, त्या प्रदेशाच्या पाण्याचा हा प्रश्न होता. आपल्या मुलांच्या रक्तात हे रसायन आहे, हे तपासणीतून कळल्यावर तेथील माता संघटित होऊन रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २६ जून २०२५ रोजी विचेंझाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या कारावासाच्या शिक्षा सुनावल्या.

त्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान २०१९ साली ‘लक्ष्मी ऑर्गॅनिक इंडस्ट्रीज’ या भारतीय कंपनीने आपल्या उपकंपनीद्वारे विकत घेतले आणि लोटे-परशुराम येथे फ्लोरिन रसायनांचा प्रकल्प उभारला. २०२१ साली भांडवल बाजारात उतरताना कंपनीने स्वतःच हे जाहीर केले होते. २०२५ मध्ये देशविदेशातील वृत्तपत्रांनी हा विषय मांडला.

येथे विवेक आवश्यक आहे. यंत्र विकत घेणे हा गुन्हा नव्हे. त्याच यंत्रातून वेगळी उत्पादने, वेगळ्या दक्षतेने घेता येतात. लोट्यात त्रिसिनोची पुनरावृत्ती होत आहे, असे म्हणण्यास आधार हवा. आणि होत नाही, असे म्हणण्यासही आधारच हवा. खरी अडचण ही की, दोन्ही बाजूंना दाखविता येईल अशी, सर्वांना खुली असलेली आधारनोंद कोणापाशी आहे? भारताने २०२० साली स्टॉकहोम कराराच्या यादीतील आणखी सात रसायनांना संमती दिली, त्यांत पी.एफ.ओ.एस. किंवा पी.एफ.ओ.ए. नव्हते. कायद्याने जे मोजण्याची सक्ती नाही, ते आपण होऊन कोणी मोजत नाही. युरोपला नकोसे झालेले कारखाने पूर्वेकडे सरकतात, ही तक्रार सार्थ आहे. परंतु ते येथे आल्यावर आपण त्यांच्याकडून काय मोजून घेतो, हा प्रश्न युरोपला नव्हे, आपल्यालाच विचारावा लागेल.

काजूच्या बागांनी शिकविलेला धडा

साक्ष वेळेवर न घेतल्याची किंमत काय असते, हे कोकणासारख्याच लाल मातीच्या, काजूच्या बागांच्या एका किनारी जिल्ह्याने दाखविले आहे. केरळच्या कासरगोडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सन २००० पर्यंत सरकारी काजू बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी झाली. ते रसायन किती दूर जाते, विहिरीत किती उतरते, पानांवर किती काळ टिकते, याची सातत्याने नोंद ठेवण्याची व्यवस्था त्या वीस-बावीस वर्षांत उभी राहिली नाही. अखेर प्रश्न पुढे आला तो अपंगत्व घेऊन जन्मलेल्या मुलांच्या रूपाने. मग समित्या नेमल्या गेल्या, एकीचा निष्कर्ष दुसरीने खोडला आणि आधीची नोंद नसल्याने वाद वर्षानुवर्षे चालला. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली. पण ज्या घरांत ती मुले होती, त्या घरांना बंदीने काय परत मिळाले? झाडांना वेळेवर विचारले गेले नाही, म्हणून मुलांच्या शरीरांना उत्तर द्यावे लागले. यापेक्षा कठोर धडा कोणता असू शकेल?

रत्नागिरीच्या बागायतदारांनी आंब्यासाठी आवाज उठविला नाही असे नाही. १९९३ साली रत्नागिरीजवळ होऊ घातलेला स्टरलाइटचा तांबे प्रकल्प त्यांच्या विरोधामुळेच थांबला आणि तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तेथे तो २०१८ मध्ये बंद करावा लागला. जयगडच्या कोळशावर चालणाऱ्या १२०० मेगावॉट वीजप्रकल्पाच्या वेळीही हापूसचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि आंब्यावरील परिणामांच्या अभ्यासासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे नाव पुढे आले. परंतु या सर्व प्रकरणांत आंबा हा युक्तिवादाचा विषय राहिला. पीक वाचेल की बुडेल, एवढीच चर्चा झाली. हवेचे मापन करणारे साधन म्हणून आंब्याकडे पाहिले गेले नाही. प्रकल्प आला की वाद, प्रकल्प स्थिरावला की विस्मरण, हे चक्र त्यामुळेच तुटत नाही.

शंका आणि त्यांचे समाधान

या उपायाला मर्यादा आहेत आणि त्या मोकळेपणाने मांडल्या पाहिजेत. वनस्पती हवेतील प्रदूषकाची मात्रा मायक्रोग्रॅमच्या हिशेबात सांगत नाही. येथे अधिक, तेथे कमी, गतवर्षीपेक्षा जास्त, असे तुलनात्मक उत्तर देते. रत्नागिरीचा पाऊस पानावरील पुष्कळ काही धुऊन नेतो. म्हणून नमुने घेण्याचा काळ दरवर्षी एकच ठेवावा लागतो. ‘पीफास’चे वर्तन डी.डी.टी.सारखे नाही. त्यातील अनेक रसायने पाण्यात विरघळतात आणि मुळांवाटे झाडात शिरतात. त्यामुळे केवळ आंब्याचे पान पाहून ती हवेतून आली की विहिरीच्या पाण्यातून, हे ठरविता येणार नाही. तेथे झाडावरचे शेवाळ आणि दगडफूल, सोबत माती आणि पाणी, असे सर्व एकत्र तपासावे लागते.

आणखी एक शंका अधिक अवघड आहे, कारण ती आपल्याच अंगणातली आहे. हापूसच्या कलमांवर मोहोरापासून फळापर्यंत बागायतदार स्वतः अनेक फवारण्या करतो. त्या पानात जे सापडेल, ते कारखान्याचे की फवारणी पंपाचे? उत्तर सोपे आहे. नमुने फवारणी न होणाऱ्या रायवळ आंब्याचे घ्यावेत, देवराईतील वृक्षांचे घ्यावेत आणि तुलनेसाठी फवारलेल्या कलमांचेही घ्यावेत. त्यातून आपल्याच फवारणीचे काही उघड झाले तर तेही स्वीकारावे. साक्षीदाराला फक्त दुसऱ्याविरुद्ध बोलण्याची मुभा द्यायची, ही न्यायाची रीत नव्हे.

अशा तपासण्यांनी हापूसचे नाव खराब होईल आणि उद्योग पळून जातील, असेही म्हटले जाते. २०१४ साली फळमाशीचे कारण देऊन युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात बंद केली, तेव्हा त्या एका निर्णयाने संपूर्ण हंगामाचे गणित विसकटले होते. परदेशी प्रयोगशाळेने दोष दाखविण्याआधी आपल्या प्रयोगशाळेने तो शोधणे, यातच नावाचे रक्षण आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. भूमीच्या नावावर मान मिळवायचा तर भूमीची हमी द्यावी लागते. राहिला उद्योगांचा प्रश्न. कोकणातील तरुण मुंबईच्या चाळीत दिवस काढीत आला आणि गावाकडची चूल त्याच्या मनीऑर्डरवर पेटत आली, हे दुःख कोणालाही नाकारता येणार नाही. जिल्ह्याला कारखाने हवेत. पण जो कारखाना नीट चालतो, त्याला स्वच्छ नोंदीची भीती का असावी? उलट, शेजाऱ्याच्या धुराचा ठपका आपल्यावर येऊ नये म्हणून अशी नोंद त्यालाच अधिक उपयोगी पडेल.

काय करता येईल

ही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. लागणारे ज्ञान देशात आहे आणि बरेचसे महाराष्ट्रातच आहे. मालवणचे सुपुत्र डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि आज त्यांचेच नाव धारण करणाऱ्या संशोधन संस्थेत दगडफुलांचा अभ्यास अनेक दशके झाला आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उत्तराखंडातील शहरांत दगडफुलांवरून जड धातू आणि धुरातील हायड्रोकार्बन मोजून दाखविले आहेत. नागपूरची ‘नीरी’ ही स्टॉकहोम कराराचे प्रादेशिक केंद्र आहे. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आंब्याची पालवी त्याच्याइतकी कोणाला कळणार? या चौघांना एका मेजाशी बसविण्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि जिल्हा प्रशासनाने केले पाहिजे.

आरंभ लहान असावा. लोट्याभोवती घाणेखुंट, आवाशी, असगणी अशा गावांत, पुढे चिपळूण आणि खेडच्या दिशेने आणि मग वसाहतीपासून दूर असलेल्या देवरायांत ठरावीक झाडे निश्चित करावीत. दिवसा समुद्राकडून सह्याद्रीकडे आणि रात्री उलट वाहणारे वारे लक्षात घेऊन दिशा ठरवाव्यात. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा त्याच झाडांची पाने, साल आणि शेवाळ घ्यावे. ही रसायने शोधणारी तपासणी महाग असते, हे खरे. पण सर्वच नमुने लगेच तपासण्याची गरज नाही. जर्मनीने १९८५ पासून झाडांची पाने आणि इतर जैविक नमुने द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवण्याची राष्ट्रीय पेढी चालविली आहे. आज ज्या रसायनाचे नाव कोणाला ठाऊक नाही, ते उद्या शोधण्यासाठी कालचे पान तेथे शिल्लक असते. आपल्याकडे अशी पेढी एकाच संस्थेत आणि लहान प्रमाणात सुरू करता येईल.

या कामात देवरायांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज आहे. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या या वनांत कुऱ्हाड चालत नाही आणि फवारणीही होत नाही. तुलनेसाठी निर्मळ जागा हवी असते आणि ती शोधणे हीच शास्त्रज्ञांची मोठी अडचण असते. कोकणात ती पूर्वजांनी श्रद्धेपोटी राखून ठेवली आहे. रस्ते, खाणी आणि विकासकांची नजर यांपासून देवराई वाचविण्याचे आणखी एक सबळ कारण यातून मिळते. देवराई तुटली तर वन तर जातेच. हवेच्या न्यायनिवाड्यातील सर्वांत निष्पक्ष साक्षीदारही जातो.

समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. रत्नागिरी, चिपळूण, खेड आणि दापोली येथील महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नमुने घेण्याची शिस्त शिकविता येईल. गावोगावी सेवाकार्य करणारे कार्यकर्ते झाडांची नोंद ठेवू शकतील. कोणत्या दिवशी, कोणत्या झाडाचे, कोणत्या दिशेचे पान घेतले, याची साधी वही हे अर्धे शास्त्र आहे. ग्रामसभांनी ठराव करून या नोंदी खुल्या ठेवण्याची मागणी करावी. निदर्शनाला एक दिवस पुरतो. वहीला वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. अशी चिकाटी हे कार्यकर्त्याचे खरे बळ मानले जाते.

आधारनोंदीला मुहूर्त असतो आणि तो लवकर टळतो. लोट्यातील नवे उत्पादन जुने होण्याआधी, आजची पाने गळून पडण्याआधी ही नोंद झाली तर दहा वर्षांनी कोणालाही तर्कावर वाद घालावा लागणार नाही. कारखाना निर्दोष असेल तर त्याचा निर्दोषपणा सिद्ध होईल; नसेल तर मुलांच्या रक्तात उत्तर शोधण्याची वेळ येण्याआधी दोष कळेल. इटलीतील मातांना ही संधी मिळाली नाही, कासरगोडच्या मातांनाही मिळाली नाही. रत्नागिरीच्या मातांना ती अजून आहे. येत्या पावसाआधी पहिली पाने खुडून, नाव, गाव आणि तारीख घालून ठेवली गेली, तरच ती संधी घेतली असे म्हणता येईल.